नदी न ओलांडणारा वाटा

३ जुलै २०१९. महिना सहा हजार तीनशे चाळीस क्रोनर.

हापारांदाच्या घरवाटप कचेरीतल्या बाईंनी फोनवर हा आकडा सांगितला, तेव्हा सायमा वाल्लिन स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. भाड्यात वीज, पाणी, जिन्याची झाडलोट सगळं आलं, असं बाई सांगत होत्या. दोन खोल्या, लिफ्ट, न्हाणीघरात धरायला दांडा. पलंगाशेजारी बटण, दाबलं की माणूस येतो. वृद्धांसाठीच्या त्या इमारतीतल्या घरासाठी सायमाने आठ वर्षांपूर्वी नाव नोंदवलं होतं. "महिनाअखेरपर्यंत कळवा हं," बाई म्हणाल्या. "नाही म्हणालात तर नाव परत रांगेच्या शेपटाला जाईल."

"कळवते," सायमा म्हणाली. ती बाहेर बघत होती. नदीवर धुकं होतं आणि पलीकडचा किनारा पाण्यापासून सुटून वर तरंगत होता. त्या तरंगत्या किनाऱ्यावर एक लाल घर होतं. धुराड्यातून धूर निघत होता. म्हणजे ताई उठली होती.

निवाकोस्की हे गाव एकच, पण नदीने मधोमध चिरलेलं. अलीकडचं स्वीडनमध्ये, पलीकडचं फिनलंडमध्ये. बोली एक, आडनावं तीच, थडग्यांवरची नावंही तीच. फरक एका तासाचा. पलीकडे घड्याळ एक तास पुढे असतं. सायमा त्या लाल घरात जन्मली आणि बहात्तर साली याल्मार वाल्लिनशी लग्न करून होडीने इकडे आली. त्या दिवशी ती दुपारी बाराला तिकडून निघाली आणि इकडे उतरली तेव्हा अजून साडेअकराही वाजले नव्हते. हा वरचा तास आपल्याला कुणी दिला, तो परत घेणार का, असं तिला तेव्हा वाटलं होतं. अजूनही कधीकधी वाटायचं. सत्तेचाळीस वर्षं ती इकडेच होती; आधी जवळच्या हापारांदा शहरातल्या वृद्धाश्रमाच्या भटारखान्यात कामाला, मग निवृत्त होऊन घरी. याल्मार लाकडाच्या गिरणीत होता. मूलबाळ झालं नाही. सहा वर्षांपूर्वी तो गेला, आणि आता त्या मोठ्या घरात सायमा दोनच खोल्या तापवायची.

ताई, म्हणजे तोइनी, तिच्याहून आठ वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. गाई सांभाळल्या, आईवडील सांभाळले, मग गाई विकल्या. आईवडिलांनंतर घर तिच्याकडे राहिलं.

या दोघी बहिणी भेटल्या की एकच विषय असायचा: तुमच्याकडे काय आणि आमच्याकडे काय. लहानपणी स्वीडनचं पारडं जड होतं. फिनलंडात कॉफी मिळत नव्हती. वडील होडीत गवताखाली कॉफीची पोती लपवून आणायचे आणि तो वास सबंध रात्र घरात रेंगाळायचा. सायमाला तो आठवतो, पण खरा आठवतो की ताईने सांगून सांगून आठवतो, हे तिलाही सांगता यायचं नाही. लग्नानंतर तोइनी पहिल्यांदा बहिणीच्या घरी आली तेव्हा कपडे धुण्याच्या यंत्रासमोर स्टूल घेऊन बसली होती. कपडे फिरताना बघत होती. पाणी थांबलं तेव्हा म्हणाली, "आणि या वेळात तू काय करतेस?"

"काही नाही."

"बघ. तुमच्या देशात बायका काही करत नाहीत."

पुढे पारडं फिरलं. स्वीडनचा क्रोनर उतरला, फिनलंडात युरो आला, आणि तोइनी पिशवी घेऊन बसने हापारांदाला यायला लागली. लोणी घ्यायची, चीज घ्यायची आणि सायमाच्या टेबलावर पिशवी आपटून म्हणायची, "काय गं, तुमचा तो श्रीमंत देश. चिल्लर झाली की त्याची." सायमा म्हणायची, "चिल्लर तर चिल्लर. दात तरी आहेत माझे तोंडात. तुमच्या डॉक्टरने तुझे किती ठेवलेत ते दाखव." असं चालायचं. पेन्शन कुणाचं जास्त, वाण्याकडे बटाटा कुठला बरा, घरी येणारी मदतनीस कुठली जास्त वेळ बसते, रस्त्यावरचा बर्फ कुणाचा आधी उचलतात. याल्मार म्हणायचा, या दोघींना परराष्ट्रमंत्री केलं असतं तर पूल कधी बांधलाच नसता.

त्या शनिवारी सायमा नेहमीप्रमाणे पलीकडे सौना घ्यायला गेली. खालच्या शांत पाण्यातून ओइवाने तिला होडीने नेलं. ओइवा म्हणजे पलीकडचा साठीचा मासेमार. दोन्ही काठांची चाकरी तोच करायचा आणि दोन्ही काठांना शिव्याही तोच घालायचा.

सौनाची लाकडाची खोली नदीच्या अगदी काठाशी होती. वरच्या फळीवर दोघी शेजारी बसल्या. तोइनीने तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं, वाफेचा लोट वर आला आणि दोघींचे चेहरे एकमेकींना दिसेनासे झाले. बाहेरून कोस्कीचा, म्हणजे धबधबत उतरणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. तो इथे रात्रंदिवस असतो. या घरात बोलणाऱ्याचा आवाज एक पट्टी वरच असतो, त्याचं कारण तेच.

"घर मिळालंय मला," सायमा वाफेला म्हणाली. "हापारांदाला. ते बटणवालं."

वाफेतून भूर्जाच्या ओल्या डहाळ्यांची जुडी पाठीवर पडल्याचा सपसप आवाज आला.

"घे की मग," तोइनी म्हणाली. "बटण दाबलं की माणूस येतो ना तुमच्याकडे? आमच्याकडे बटण दाबलं की फक्त दिवा लागतो."

"दोन खोल्या आहेत, ताई."

"एकीत तू झोप, एकीत बटण."

सायमाला जे म्हणायचं होतं ते तिने गेले तीन दिवस घोकलं होतं. तोइनीचा खुबा हिवाळ्यापासून दुखत होता. लाकडं आत आणताना ती दोनदा थांबते, हे सायमा खिडकीतून बघायची. तू येऊन माझ्याजवळ राहा, एवढंच तर म्हणायचं होतं. ती म्हणाली, "तिकडे मदतनीस रोज येते. तुमच्यासारखी घड्याळ बघत नाही. आणि न्हाणीघरात खाली गरम फरशी आहे."

"मला एकदा नेलंय पलीकडे," तोइनी म्हणाली.

हे सायमाला ठाऊक होतं. सगळ्या काठाला ठाऊक होतं. चव्वेचाळीसच्या पानगळीत जर्मन सैन्य मागे हटताना गावं जाळत होतं, तेव्हा आईने एका हातात वर्षाची तोइनी आणि दुसऱ्या हातात गाईचं दावं धरून नदी ओलांडली होती. स्वीडनमध्ये त्यांना आंघोळ घातली, उवांची पूड लावली, कोरडं अंथरूण दिलं, दूध दिलं. आई त्या दुधाचे गुण मरेपर्यंत गायची.

"चांगलंच वागवलं की त्यांनी," सायमा म्हणाली.

"वागवलं. वाईट वागवलं असं मी कधी म्हणाले? पण गाईला विचारलं नव्हतं आणि मलाही विचारलं नव्हतं." तिने आणखी पाणी टाकलं. "थंड पाणी टाक तुझ्या पाठीवर. लाल झालीयस नुसती. स्वीडिश कातडी."

पुढच्या आठवड्यात सायमा घर बघायला गेली. निघण्याआधी ती नदीच्या बांधावर उभी होती. तिथे तिच्या मोबाईलने पलीकडचा मनोरा पकडला आणि गुपचूप फिनलंडची वेळ दाखवायला लागला. इतकी वर्षं दोन घड्याळांच्या मधे राहिलेली बाई, पण तिच्या ते लक्षात आलं नाही. ती घाईघाईने बस पकडून पोचली तेव्हा इमारतीला कुलूप होतं. चावी घेऊन येणारी पोरगी यायला तास होता.

सायमा समोरच्या बाकावर बसली. ऊन कोवळं होतं आणि कुठेच जात नव्हतं. हा तोच तास असावा, तिला वाटलं, लग्नाच्या दिवशी मिळालेला. इतकी वर्षं नदीवर लोंबकळत होता, आज खाली उतरला. डोळे मिटले की तिला वाटे आपण होडीत आहोत. उघडले की समोर पांढरी इमारत, सारख्या खिडक्या, सारख्या कुंड्या. एका खिडकीत एक म्हातारा आरामखुर्चीत बसला होता. त्याचे ओठ हलत होते. तो कुणाशी बोलत होता हे दिसत नव्हतं. त्याच्या मागे याल्मार उभा आहे आणि त्याच्या अंगाला लाकडाच्या भुशाचा वास येतोय, असं तिला इतकं स्वच्छ वाटलं की तिने हात वर केला. म्हाताऱ्यानेही हात वर केला.

घर खरोखर चांगलं होतं. खोटं कशाला बोला. फरशी गरम होती, खिडक्या तीन काचांच्या होत्या, ओट्याची उंची तिच्यासाठीच मापून केल्यासारखी. चावीवाली पोरगी दार लावून घेत म्हणाली, "बघा, रस्त्याचा आवाज मुळीच नाही." तिने दार लावलं आणि सायमाला आपल्या कानांना काही झालं असं वाटलं. काहीच ऐकू येत नव्हतं. जन्मापासून, अलीकडे आणि पलीकडे, ती पाण्याच्या आवाजात झोपली होती. तिने टेबलाला हात लावून स्वतःला सावरलं.

"आवडलं?" पोरीने विचारलं.

"छान आहे," सायमा म्हणाली. "खूप छान आहे." आणि ते घ्यायचं तिने जवळजवळ ठरवलं. एकटं माणूस खुबा धड असला तरी पडतं, तेव्हा बटण लागतंच. ताईला आणता येत नाही तर येत नाही.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पलीकडच्या काठावर पांढऱ्या माशाची मोठी वाटणी होती. कोस्कीत लाकडी मचाण बांधून लांब दांड्याच्या जाळीने हे मासे धरतात. दिवसाची पकड काठावरच्या सपाट खडकावर मांडून तिचे वाटे करतात. काठावर जितक्या चुली पेटतात तितके वाटे. एकही वाटा नदी ओलांडत नाही, ज्या काठाचा त्याच काठावर शिजतो. कुणाला मोठा, कुणाला लहान, अशी कुरबुर नको म्हणून एका वडीलधाऱ्या माणसाला पाठमोरं बसवतात. दुसरा काठी एकेका ढिगावर टेकवून विचारतो, हा कुणाचा? पाठमोरा माणूस नाव पुकारतो. एकदा पुकारलेलं नाव मागे घेता येत नाही. नाव घराचं नसतं, त्या घरात चूल पेटवणाऱ्याचं असतं.

त्या वर्षी पाठमोरं बसायचा मान तोइनीचा होता. तिला खुर्ची दिली होती. ती पाण्याकडे तोंड करून बसली होती, डोक्याला रुमाल. सायमा बघायला आली होती. गर्दीच्या मागे उभी होती. संध्याकाळ म्हणावी तर ऊन होतं. पाण्याच्या तुषारांनी सगळ्यांचे चेहरे ओले होते आणि कुणाच्याच अंगाला सावली धड चिकटत नव्हती.

ओइवाने काठी टेकवली. "हा कुणाचा?"

"केर्त्तूचा," तोइनी म्हणाली.

"हा कुणाचा?"

"उर्होचा."

नावामागून नाव जात होतं. बायका आपापला ढीग उचलून घमेल्यात टाकत होत्या, थट्टा चालली होती. "तोइनीताई, पाठीला डोळे आहेत काय गं तुला? मोठा ढीग बरोबर उर्होच्या घशात गेला!"

"त्याच्या घशात काय गेलं ते त्याच्या बायकोला विचार," तोइनी पाण्याकडे बघत म्हणाली, आणि लोक हसले.

शेवटचा ढीग राहिला. घरही एकच राहिलं होतं, लाल घर. ओइवाने काठी टेकवली ती नुसती रीत म्हणून. "आणि हा कुणाचा?"

तोइनीने रुमालाची गाठ घट्ट केली. पाणी बोलत होतं.

"सायमाचा."

हसणं थांबलं. केर्त्तू घमेलं कमरेवर घेऊन तशीच उभी राहिली. ओइवाने काठी उचलली नाही. "ताई," तो हळू म्हणाला, "सायमा त्या काठाची. तुझा वाटा राहिला ना."

"वाटे संपले का?"

"संपले."

"मग झालं तर." तोइनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली. तिला उठायला वेळ लागला आणि कुणी पुढे झालं नाही, कारण ती हात झिडकारते हे सगळ्यांना माहीत होतं. "बघताय काय? ऐकायला कमी येतं का तुम्हाला? लाल घराची चूल आता सायमा पेटवते."

सासूने सुनेला, आईने मुलीला चूल अशीच सोपवायची असते इथे. घरात नाही, कागदावर नाही. खडकावर, पाठ करून. त्यांच्या आईनेही एका उन्हाळ्यात असंच तोइनीचं नाव पुकारलं होतं, आणि त्यानंतर लाकडाच्या ढिगाला हात लावला नव्हता. ओइवाने ढीग पाटीत भरला, सायमापुढे आणून ठेवला आणि नजर चुकवून म्हणाला, "उचल बाई. मासा वाट बघत नाही."

ती पाटी घेऊन लाल घरात आली तेव्हा तोइनी आधीच टेबलाशी बसली होती. चूल थंड होती.

"हे काय केलंस?" सायमा म्हणाली. "सगळ्यांच्या देखत?"

"काय केलं?"

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तू हिशेब मांडला असतास," तोइनी म्हणाली. "तुमच्याकडे फरशी गरम, आमच्याकडे नळ गोठतो. तुमच्याकडे मदतनीस बसते, आमच्याकडे पळते. सगळं खरं आहे गं. मी नाही कुठे म्हणतेय? हिशेबात मी हरणार, मला ठाऊक आहे."

"आणि मी नाही म्हणाले तर?"

"तर आज दोघी उपाशी. मला आता लाकडं उचलवत नाहीत, सायमा."

हे वाक्य तिने असं म्हटलं की जणू पाऊस पडेल म्हणते आहे. सायमाने बहिणीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तोइनीने आपल्या बाजूचं एक उणं आपणहून, भांडणाशिवाय कबूल केलं होतं. आता आपल्या पारड्यात काय टाकायचं? दात? पेन्शन?

ती बाहेर गेली, लाकडं आणली. भूर्जाची साल सोलून चुलीत घातली, काडी ओढली. साल पेटताना जो गोड, काळा वास येतो, तो तिने सत्तेचाळीस वर्षांपूर्वी इथे सोडला होता. मासे काठीला खोचून निखाऱ्यांशेजारी उभे केले. त्यांच्यातून चरबी ठिबकत होती. तोइनी डोळे मिटून बसली होती आणि सायमाला क्षणभर कळेना की आपण कोणत्या वर्षात आहोत, आणि मागे त्या खुर्चीत बसलीय ती ताई आहे की आई.

"मीठ कमी आहे," तोइनी पहिल्या घासाला म्हणाली.

"तुमच्या देशातलं मीठच असलं."

"आता आपल्या म्हण."

महिना संपायच्या आदल्या दिवशी सायमाने कचेरीत फोन करून घर नको म्हणून सांगितलं. बाईंनी दोनदा विचारलं, नक्की? तिने फोन ठेवला आणि ओट्याला धरून जरा रडली. ती गरम फरशी तिला खरोखर हवी होती. हिवाळ्यात, तोइनीच्या न्हाणीघरात पाय ठेवताना, ती फरशी रोज आठवणार हे तिला माहीत होतं. पुढे झालंही तसंच. फेब्रुवारीत नळ गोठला, तेव्हा दोघींनी बर्फ वितळवून कॉफी केली आणि सायमाने स्वीडनच्या नळांची स्तुती संध्याकाळपर्यंत चालू ठेवली. तोइनीने ऐकून घेतली. पण खुब्याची शस्त्रक्रिया वसंतात झाली, आणि घरी परतल्यावर बटणाची गरज पडली नाही. हाक पुरायची. फक्त एक पट्टी वर मारावी लागायची.

सामान त्याआधीच्या ऑगस्टमध्ये हललं होतं. भांडी, गाद्या पुलावरून गाडीने गेल्या. याल्मारने केलेलं आरशाचं कपाट मात्र सायमाला गाडीत घालवेना, हादऱ्याने आरसा तडकेल म्हणून. ओइवाने ते होडीत आडवं घातलं, आरसा वर करून. खालच्या शांत पाण्यातून होडी निघाली. सायमा कपाटाशेजारी बसली होती. आरशात आभाळ होतं. एक ढग तिच्या गुडघ्यापाशी आला, कडेला थांबला आणि सरकून गेला. नदीच्या मध्यावर ओइवाने इंजिन बंद केलं, कुणी सांगितलं नव्हतं तरी. खाली पाण्यात आभाळ, होडीत आभाळ, वर आभाळ. दोन्ही काठ धुक्यात सारखेच दिसत होते. कुठला कोणता ते सायमाने ओळखायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला.

"काय म्हणतोय तुमच्या काठाचा तो तास?" ओइवाने विचारलं.

"देऊन टाकला," ती म्हणाली.

काठावर तोइनी काठी टेकून उभी होती. "किती मोठं हे! स्वीडिश कपाट, त्यात ठेवायचं काय?" असं तिचं ओरडणं पाण्यावरून आलं.

कपाट घरात गेलं. ओइवाने डिझेलचे आणि दोन माणसं लावली त्यांच्या कॉफीचे मिळून बारा युरो सांगितले. सायमाच्या पाकिटात सगळे क्रोनरच होते. ओइवा म्हणाला, ते कागद मला नकोत, शनिवारी दे. शनिवारी तो वरच्या अंगाला मासे धरायला गेला होता, आणि मग राहूनच गेलं.

ते बारा युरो अजून द्यायचे आहेत.